जसंच्या तसं

माझा जुना डेस्कटॉप अजून चालू आहे. विंडोज एक्सपी, २५६ एमबी रॅम, ४० जीबीची हार्ड डिस्क. रिकामी जागा कायम दीड-दोन जीबीच्या आसपास घुटमळत असते, कारण इतक्या वर्षांत मी त्यात भरत आले, काढलं फार कमी. अजून का ठेवलायस असं विचारतात लोक, तर खरं उत्तर असं की त्याच्यावर झिप करायला, म्हणजे फाइल्स दाबून लहान करून एकत्र बांधायला बसलं की मला पसारा आवरल्यासारखं वाटतं. नव्या लॅपटॉपवर राइट क्लिक केलं की मान वळवेपर्यंत काम झालेलं असतं, बघायला काही उरतच नाही. जुन्यावर मात्र ती छोटी खिडकी अर्धा-अर्धा तास समोर उघडी राहते, पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकते, किती वेळ गेला, किती उरला, मूळ किती एमबी होतं आणि त्याचं आता किती झालं हे आकडे बदलत राहतात, आणि आत्ता कुठली फाइल चालू आहे तिचं नाव दिसतं. कितीतरी फाइल्सची नावं मी कित्येक वर्षांनी त्या खिडकीतच पहिल्यांदा परत वाचलीयत, अरे, ही अजून आहे का, असं म्हणत.

कॉम्प्रेशन म्हणजे काय तेही मी त्या खिडकीकडे बघत बसूनच शिकले. टेक्स्ट फाइल्सचा फोल्डर आला की टक्क्यांचा आकडा झरझर खाली येतो, वर्डच्या जुन्या डॉक फाइल्सही छान बसतात, पेंटमध्ये काढलेलं बीएमपी चित्र तर इतकं लहान होतं की खरं वाटत नाही, आणि मग फोटोंचा फोल्डर येतो आणि आकडा जागच्या जागी अडतो. १०० एमबीचे जेपीजी आत गेले, ९८-९९ बाहेर आले. एमपीथ्रीचंही तेच. आधी मला वाटायचं माझंच सेटिंग चुकतंय, म्हणून 'नॉर्मल'चं 'मॅक्सिमम' केलं, 'मॅक्सिमम'चं 'अल्ट्रा' केलं, तासभर मशीन तापवलं आणि जागा वाचली किती, तर काहीशे केबी. जेपीजी तयार होतानाच कॅमेऱ्याने त्यातलं सगळं पिळून घेतलेलं असतं, वाळलेलं फडकं परत पिळून पाणी कुठून येणार. तेव्हापासून फोटोंना मी 'स्टोअर' लावते, म्हणजे कॉम्प्रेस करायचंच नाही, नुसतं सगळं एका फाइलमध्ये बांधायचं. जुन्या प्रोसेसरवर याने इतका वेळ वाचतो की हे मला कोणी आधी का नाही सांगितलं असं वाटतं.

सगळा खेळ पुनरावृत्तीचा आहे. १९४८ मध्ये क्लॉड शॅननने मांडलं की मजकुरात खरी माहिती किती आहे ते मोजता येतं आणि काहीही न गमावता त्या मापाच्या खाली जाता येत नाही. १९५२ मध्ये डेव्हिड हफमनचा पेपर आला, त्यातली कल्पना त्याला एमआयटीत शिकत असताना, परीक्षेऐवजी करायच्या एका टर्म पेपरवर काम करताना सुचली होती: जे चिन्ह सारखं येतं त्याला छोटा कोड द्या, क्वचित येणाऱ्याला लांब द्या. आणि १९७७ मध्ये जेकब झिव्ह आणि अब्राहम लेम्पेल या दोघांनी म्हटलं की हा तुकडा मागे येऊन गेलाय ना, मग परत कशाला लिहिता, मागे इतकं जा आणि तिथून इतकं उचल एवढंच लिहा. झिपमधली नेहमीची डिफ्लेट पद्धत म्हणजे या दोन कल्पना एकापुढे एक लावलेल्या. ती मागे जास्तीत जास्त ३२ केबी बघते आणि एका दमात जास्तीत जास्त २५८ बाइट उचलते, त्यापलीकडचं तिला आठवत नाही.

मराठी मजकूर यात फार सुंदर बसतो, हे मला कळलं तेव्हा खरंच आनंद झाला होता. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये लिहायच्या आजच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, इंग्रजीचं एक घेतं, त्यामुळे आपली टेक्स्ट फाइल दिसायला उगाच जाड असते आणि लोक त्याबद्दल कुरकुरतात. पण त्या तीनपैकी पहिला बाइट सगळ्या देवनागरीसाठी एकच असतो आणि दुसऱ्याला दोनच पर्याय असतात. म्हणजे अक्षर कुठलं हे सांगणारी जवळजवळ सगळी माहिती तिसऱ्या बाइटमध्ये, बाकीचे दोन नुसते सोबतीला. झिप करणाऱ्या प्रोग्रामला ही सोबत लगेच ओळखू येते. माझ्या मराठी टेक्स्ट फाइल्स झिपमध्ये गेल्या की पाव आकाराच्या आसपास येतात, कधी त्याहूनही लहान, आणि ती जाडी कुठे गेली कळतही नाही.

कधी वेळ असला तर एखादी झिप फाइल नोटपॅडमध्ये उघडून बघा. सगळा कचरा दिसेल, पण अगदी सुरुवातीची दोन अक्षरं वाचता येतात: पी आणि के. ही फिल कॅट्झची अक्षरं. त्याने १९८९ मध्ये पीकेझिप आणलं. त्याआधी आर्क नावाचा फॉरमॅट चालायचा, त्यावरून त्याच्यावर कोर्टात केस झाली आणि मग त्याने स्वतःचा नवा फॉरमॅट काढला, आणि त्याची रचना कोणालाही वापरता येईल अशी खुली ठेवली. हा माणूस २००० साली, अवघ्या ३७ व्या वर्षी गेला. त्याची अक्षरं आज कुठे कुठे आहेत बघितलं तर हात थांबतो: २००७ पासूनच्या वर्डच्या डॉक्स फाइल्स, एक्सेलच्या फाइल्स, ई-पब पुस्तकं, अँड्रॉइडची अ‍ॅप्स, हे सगळं आतून झिपच आहे. माझ्यासारख्या जुन्या मशीनवाल्यांना याचा प्रत्यक्ष उपयोग होतो. तिथल्या जुन्या वर्डमध्ये डॉक्स उघडत नाही, तर मी त्या फाइलचं एक्स्टेन्शन बदलून झिप करते, एक्स्ट्रॅक्ट करते, आतल्या 'वर्ड' फोल्डरमध्ये 'डॉक्युमेंट' नावाची एक्सएमएल फाइल असते ती ब्राउझरमध्ये उघडते आणि मजकूर तिथे असतो, टॅग्सच्या गर्दीत पण असतो. चित्रं 'मीडिया' फोल्डरमध्ये वेगळी मिळतात. मूळ फोटो कोणी वर्डमध्ये चिकटवून पाठवले असतील तर ते बाहेर काढायला मी नव्या लॅपटॉपवरसुद्धा हेच करते.

जुन्या मशीनवर एक गोष्ट मात्र सांभाळावी लागते ती म्हणजे रॅम. सेव्हन झिप या प्रोग्रामचा स्वतःचा जो फॉरमॅट आहे, एलझेडएमए पद्धतीचा, त्यात 'डिक्शनरी साइज' म्हणून एक सेटिंग असतं. झिप ३२ केबी मागे बघते म्हटलं ना, इथे ते मागे बघणं कितीतरी एमबी असू शकतं, म्हणून फाइल्स इतक्या लहान होतात. पण कॉम्प्रेस करताना डिक्शनरीच्या साधारण दहा-अकरा पट रॅम लागते. ६४ एमबीची डिक्शनरी निवडली की ७०० एमबीच्या आसपास मागणी, आणि माझ्याकडे सगळी मिळून २५६. अशा वेळी मशीन बंद पडत नाही, ते हार्ड डिस्कलाच रॅम समजून वापरायला लागतं, डिस्कचा लाल दिवा अखंड जळतो, माउस अडखळतो, उरलेला वेळ दोन तासांवरून नऊ तासांवर जातो. मी डिक्शनरी ८ किंवा १६ एमबी ठेवते. कागदपत्रांसाठी त्याने होणारा फरक इतका थोडा असतो की त्यासाठी डिस्कला रात्रभर राबवणं मला पटत नाही. उघडताना मात्र पुष्कळ कमी लागतं, जवळपास डिक्शनरीएवढीच रॅम. पण तीही असायला हवी, म्हणून दुसऱ्या कोणी मोठ्या मशीनवर भली मोठी डिक्शनरी लावून बनवलेली फाइल जुन्या कॉम्प्युटरवर उघडतच नाही. पाठवणाऱ्याने याचा विचार करावा असं मला मनापासून वाटतं. समोरच्याचं मशीन कसं आहे माहीत नसेल तर साधी झिप पाठवा.

रिकाम्या जागेचंही असंच. अर्काइव्हमधून, म्हणजे अशा बांधलेल्या फाइलमधून, एखादी फाइल माउसने ओढून डेस्कटॉपवर टाकली की बरेचदा ती आधी सी ड्राइव्हच्या टेम्प फोल्डरमध्ये उघडते आणि मग तिथून कॉपी होते, म्हणजे दुप्पट जागा. सी ड्राइव्ह भरत आलेला असेल तर अर्ध्यात एरर. 'एक्स्ट्रॅक्ट टू' करून थेट दुसऱ्या ड्राइव्हचा पत्ता द्यावा.

आता जे सांगायचंय ते. मी चार वर्षं रोज डायरी लिहायचे, कॉम्प्युटरवर, रोजची एक टेक्स्ट फाइल, नाव म्हणजे त्या दिवसाची तारीख. तेराशेच्या वर फाइल्स होत्या, सगळ्या मिळून पाच एमबी. एका रात्री डिस्क साफ करताना मी तो फोल्डर सॉलिड अर्काइव्हमध्ये घातला. सॉलिड म्हणजे सगळ्या फाइल्स एकामागे एक जोडून त्यांची एकच लांब पट्टी करायची आणि ती कॉम्प्रेस करायची, मग आजच्या पानाला कालच्या पानातले शब्द उचलता येतात, आणि माझी रोजची पानं एकसारखीच सुरू व्हायची, आज उठायला उशीर झाला, आज परत पाऊस. पाच एमबीचं पाऊण एमबी झालं. मला ते इतकं आवडलं की मी मूळ फोल्डर तिथल्या तिथे शिफ्ट दाबून डिलीट केला. सव्वाचार एमबी वाचवले.

दोनेक वर्षांनी डिस्कमधून कट-कट आवाज यायला लागला आणि मी सगळं दुसरीकडे हलवायला घेतलं, तर ती फाइल कॉपीच होईना. 'डेटा एरर, सायक्लिक रिडंडन्सी चेक.' शेवटी एका टूलने ती वाचून काढली, डिस्कचा जो सेक्टर, म्हणजे छोटा तुकडा, वाचता येत नव्हता त्याच्या जागी शून्यं भरून. एकच सेक्टर होता. ५१२ बाइट. उघडली तर सगळी यादी व्यवस्थित दिसली, तेराशेही नावं, कारण त्या फॉरमॅटमध्ये यादी शेवटी वेगळी ठेवलेली असते आणि ती शाबूत होती. मी हुश्श केलं आणि एक्स्ट्रॅक्ट दाबलं. पहिलं वर्ष आलं, दुसऱ्यातलं अर्धं आलं, आणि मग एक पान वाक्याच्या मधोमध थांबलं, त्यापुढे कसलीतरी खुणांची रांग, आणि त्याच्या पुढच्या प्रत्येक फाइलवर एरर. सॉलिडमध्ये प्रत्येक पान आधीच्या पानांवर उभं असतं, मधला एक दगड निसटला की वरचं सगळं जातं. साध्या झिपमध्ये प्रत्येक फाइल स्वतंत्र कॉम्प्रेस होते, तिथे त्याच ५१२ बाइटनी एखाद-दोन दिवस गेले असते. अडीच वर्षं नसती गेली.

ती यादी मी अजून उघडून बघते. प्रत्येक हरवलेल्या दिवसाचं नाव आहे, आकार आहे, किती वाजता सेव्ह केलं ते आहे, सीआरसी आहे. एका दिवशी मी ३,१०४ बाइट लिहिलेत, म्हणजे हजारेक चिन्हं, रात्री पावणेएकला. काय झालं होतं त्या दिवशी लिहिण्यासारखं, मला आठवत नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी फक्त ९० बाइट. तीसेक चिन्हं. तीसुद्धा गेली.

सीआरसीबद्दल सांगायला हवं कारण माझा सगळा भरवसा आता त्याच्यावर आहे. अर्काइव्ह बनवताना प्रत्येक मूळ फाइलवरून ३२ बिटांचा एक आकडा काढून आत ठेवला जातो, लिहिला तर आठ अक्षरांचा. परत उघडताना प्रोग्राम तो आकडा पुन्हा काढतो आणि ठेवलेल्याशी ताडून बघतो. एक बिट जरी बदललेला असला तरी आकडा जुळत नाही. म्हणजे व्यवहारात अर्काइव्ह आपल्याला जे देतं ते 'जवळजवळ तसं' नसतंच, एक तर जसंच्या तसं असतं किंवा ते स्वतःच ओरडून सांगतं की नाहीये. आणि हे विचारायला एक्स्ट्रॅक्टही करावं लागत नाही, 'टेस्ट' नावाचं बटण समोरच असतं. मी इतकी वर्षं ते कधी दाबलंच नव्हतं. आता आधी अर्काइव्ह दुसऱ्या डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर कॉपी करते, मग त्या कॉपीवर टेस्ट लावते, तीही मशीन एकदा बंद करून परत चालू केल्यावर, कारण नुकतीच कॉपी केलेली फाइल रॅममधूनच वाचली जाऊ शकते आणि मग टेस्ट डिस्कची होतच नाही. त्यानंतरच मूळ फाइल्सना हात लावते. जिथे आरएआर हा दुसरा फॉरमॅट वापरते तिथे 'रिकव्हरी रेकॉर्ड'वर टिक करते, त्यात थोडी जास्तीची माहिती भरून ठेवतात, फाइलचा छोटा तुकडा खराब झाला तर त्यावरून तो परत बांधता येतो. माझ्या ५१२ बाइटना तेवढ्याने पुरलं असतं.

नावांचा आणि तारखांचा वेगळा त्रास. झिप फॉरमॅट ज्या काळात झाला तेव्हा त्यात फाइलचं नाव इंग्रजी आणि थोड्या युरोपीय अक्षरांपुरतंच धरलेलं होतं, यूटीएफ-८ मध्ये नाव ठेवायची अधिकृत सोय २००६ साली आली. त्यामुळे जुन्या सॉफ्टवेअरने बनवलेल्या झिपमध्ये देवनागरी नावं टाकली की बाहेर नुसती प्रश्नचिन्हं येतात किंवा कसलीतरी चौकोनी नक्षी. आतला मजकूर सुखरूप असतो, पण चाळीस फाइल्सची नावं प्रश्नचिन्हं झाली की कुठली कुठली ते शोधत बसा. तारखेची गंमत अशी की मूळ झिपमध्ये वेळ डॉसच्या पद्धतीने लिहिली जाते, वर्षं १९८० पासून मोजतात आणि सेकंद दोन-दोनच्या टप्प्याने. विषम सेकंद तिथे बसतच नाही. सात सेकंदांनी काढलेला फोटो सहा किंवा आठवर जाऊन बसतो.

आणि मदरबोर्डवरचा तो बटणासारखा सेल. जुन्या मशीनचा तो केव्हाच संपलेला असतो, मग चालू केलं की घड्याळ पंधरा-वीस वर्षं मागे. माझ्याकडे त्याने एकदा असं झालं की मी रोज एक फोल्डर 'फक्त नवीन झालेल्या फाइल्स घे' या पर्यायाने अर्काइव्हमध्ये टाकत होते आणि काहीच आत जात नव्हतं, कारण आज बदललेली फाइल तारखेने अर्काइव्हमधल्या फाइलपेक्षा जुनी दिसत होती. कुठलीही एरर नाही, सगळं नीट झालं असंच म्हणत होतं. कळायला महिना लागला. सेल बदला आधी, बाकी सगळं नंतर.

गेल्या महिन्यात शेवटी सगळं हलवायला घेतलं, कारण त्या डिस्कचा आवाज परत बदललाय. जुनी झिप, एआरजे, एलझेडएच, आरएआर, सगळी मिळून दोनशेच्या आसपास अर्काइव्हज निघाली. यातली बहुतेक सेव्हन झिपने उघडली, ते आजही एक्सपीवर चालतं आणि इतक्या जुन्या फॉरमॅट्सना ओळखतं याबद्दल ते लिहिणाऱ्या इगोर पाव्हलोव्हचे मी मनातल्या मनात किती वेळा आभार मानले असतील. एआरजेच्या दोन-तीन फाइल्स भागांमध्ये तोडलेल्या होत्या, फ्लॉपीच्या मापाच्या, आणि त्यातला एक मधला भाग सापडायला दोन रविवार गेले. तो एका भलत्याच फोल्डरमध्ये होता. एकेका फाइलवर टेस्ट लावायची, पट्टी सरकताना बघायची, शेवटी 'देअर आर नो एरर्स' आलं की वहीत बरोबरची खूण.

सगळ्यात शेवटी डायरीची फाइल राहिली होती. ती टेस्टमध्ये पास होणार नाही हे माहीतच होतं, म्हणून तिच्या आतल्या फाइल्सचा नाही, त्या अख्ख्या तुटक्या फाइलचाच चेकसम, म्हणजे तसाच सीआरसीचा आकडा, जुन्या मशीनवर काढला आणि वहीत लिहिला. मग ती पेनड्राइव्हवर घेतली, नव्या लॅपटॉपवर टाकली, तिथे परत काढला आणि दोन्ही एकाखाली एक धरून एकेक अक्षर वाचलं. आठच्या आठ जुळली. जिथे तुटली होती तिथेच तुटलेली, ती ५१२ शून्यं जागच्या जागी, शेवटची तेराशे नावांची यादी तशीच. वहीत तिच्यासमोरही बरोबरची खूण केली.